खुर्चीच्या पाठीवरची शाल

एप्रिलची दुपार. आमची एक सहकारी दुपारच्या शिफ्टला येते आणि हिंजवडीतल्या पार्किंगमध्ये स्कूटर लावते. डोळे सोडून सगळा चेहरा स्कार्फने बांधलेला, त्यावर गॉगल, हातात कोपरापर्यंत मोजे, अंगात पांढरा सनकोट. लिफ्टमध्ये एकेक वस्तू उतरवत ती वर येते, जागेवर बसते, मान मागे टाकते आणि छतातल्या व्हेंटची हवा चेहऱ्यावर घेत दोन मिनिटं नुसती बसून राहते. विसाव्या मिनिटाला तोच स्कार्फ पिशवीतून परत निघतो आणि खांद्यांवर जातो. तासाभराने खुर्चीच्या पाठीवर कायम मुक्कामाला असलेली शालही अंगावर येते. बाहेर ३८ अंश, आत २२. एकच सुती कापड, एका दुपारी आधी उन्हासाठी आणि मग थंडीसाठी.

ती जे करते ते अगदी शहाणपणाचं आहे आणि त्यामागे भरपूर शास्त्र आहे. ते नीट समजलं तर एसीच्या रिमोटवरून होणारी निम्मी भांडणं मिटतील असं मला मनापासून वाटतं, म्हणून हा लेख.

आधी शरीराचा हिशेब. खुर्चीत बसून कीबोर्ड बडवणारा माणूससुद्धा साधारण १०० वॉट उष्णता तयार करत असतो, जुन्या पिवळ्या बल्बएवढी. शरीराच्या आतलं तापमान ३७ अंशांच्या आसपास राहायला हवं, म्हणून ही उष्णता सतत बाहेर जावी लागते. जितकी तयार होते तितकीच सहज बाहेर पडत असेल तर आपल्याला काहीच जाणवत नाही. उकडत नाही, गारठत नाही, हवेकडे लक्षच जात नाही. बरं वाटणं म्हणतात ते हेच. उष्णता अडली की शरीर त्वचेखालच्या रक्तवाहिन्या रुंद करतं आणि घाम सोडतं. ती भराभर निघून जायला लागली की त्याच वाहिन्या आकसतात, रक्त पोटाकडे आणि छातीकडे राखलं जातं आणि हातापायाची बोटं गार पडतात. एसीत दोन तास माऊस धरलेला हात बर्फासारखा लागतो तो यामुळे.

ही उष्णता किती वेगाने जाईल ते सहा गोष्टींवर ठरतं. हवेचं तापमान, हवेतला ओलावा, वाऱ्याचा वेग आणि आजूबाजूच्या भिंती, काचा, छत यांचं तापमान, या चार भोवतालच्या. अंगावर कपडे किती आणि आपण काम काय करतोय, या दोन आपल्या. रिमोटवर सहापैकी एकच दिसते. "अरे चोवीस आहे की, तुला उकडतंय कसं?" हा प्रश्न बाकीच्या पाच गोष्टी विसरल्यामुळे येतो.

त्यातली भिंती-काचांची गोष्ट सगळ्यात दुर्लक्षित. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या प्रत्येक पुणेकराला ती अनुभवाने माहीत असते. रात्री अकराला बाहेर छान वारा असतो, पंखाही चालू असतो, तरी झोप लागत नाही, कारण "स्लॅब तापलाय". तापलेला स्लॅब हवेला न विचारता सरळ आपल्या अंगावर उष्णता फेकतो, शेकोटी फेकते तशी. काचेच्या इमारतीत हेच काम पश्चिमेची काच करते. चार वाजता त्या काचेजवळ बसलेल्या माणसाची एक बाजू अक्षरशः भाजत असते. त्याच्यापासून आठ फुटांवर, व्हेंटच्या बरोबर खाली बसलेली मुलगी कुडकुडत असते. दोघांच्या भोवतालची हवा २४ अंशांचीच. दोघंही खरं बोलतायत. तरी पाच मिनिटांत भांडण होतं, कारण प्रत्येकाला वाटतं की समोरचा नाटक करतोय.

दुसरी विसरली जाणारी गोष्ट म्हणजे वारा. पंखा खोली गार करत नाही. आपल्या त्वचेला लागून कोमट, दमट हवेचा एक पातळ थर चिकटून बसलेला असतो. पंखा तो थर हलवतो, घाम वाळतो आणि वाळताना उष्णता घेऊन जातो. सेकंदाला पाऊण-एक मीटर वेगाचा वारा अंगावर असेल तर खोली दोन-तीन अंशांनी थंड असल्यासारखी वाटते. त्यासाठी साधा छताचा पंखा ७०-७५ वॉट घेतो, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा नवा बीएलडीसी पंखा तर ३० च्या आसपास. दीड टनाचा एसी पूर्ण जोरात चालतो तेव्हा दीड हजार वॉटच्या घरात जातो. हा फरक इतका मोठा आहे की नव्या ऑफिसांच्या छतांवरून पंखे कोणी आणि का काढून टाकले, याचं मला अजूनही वाईट वाटतं.

आता परत स्कूटरवरून आलेल्या त्या सहकारीकडे येऊ. तिचं शरीर तापलेलं होतं, उन्हात साठलेली उष्णता अंगात होती, कपड्यांना घाम होता. अशा वेळी २२ अंशांची हवा नुसती चालते असं नाही, तिचं सुख होतं. मिशेल काबानाक या फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञाने १९७१ साली हे नेमकं मांडलं: एखादा स्पर्श सुखद आहे की त्रासदायक, हे त्या क्षणी शरीराला काय हवंय यावर ठरतं. त्याने या गुणाला ॲलिएस्थेशिया म्हटलं. तापलेल्या माणसाला गार झुळूक म्हणजे स्वर्ग. शरीर पूर्वपदावर आलं की तीच झुळूक बोचायला लागते. विसाव्या मिनिटाला बाहेर आलेला स्कार्फ सांगतो की साठलेली उष्णता संपली. आता बसून काम करणारं शरीर उरलंय आणि त्याला २२ अंश फार होतात.

म्हणून बाहेरून आल्या आल्या रिमोटला हात लावू नये. आत शिरल्यावरची पहिली दहा मिनिटं आपलं मत खरं नसतं. जुन्या पद्धतीचा एसी १८ वर लावला म्हणून खोली जास्त वेगाने गार होत नाही, तो फक्त उशिरा थांबतो. आणि तोवर आपण स्वेटर शोधत असतो.

मग २२ हा आकडा आला कुठून? डेन्मार्कचे अभियंते ओले फँगर यांनी १९७० मध्ये वर सांगितलेल्या सहा गोष्टींचं एक समीकरण बसवलं. त्यासाठी अमेरिकेतल्या आणि डेन्मार्कमधल्या कॉलेजच्या विद्यार्थ्यांना बंद खोलीत बसवून, हवा बदलत, "कसं वाटतंय?" असं विचारलं होतं. उणे तीन म्हणजे खूप थंडी, अधिक तीन म्हणजे खूप उकाडा, शून्य म्हणजे मधलं. काम फार मोलाचं होतं आणि जगभरची एसीची गणितं त्यावर उभी राहिली. कपड्यांचं माप त्यात 'क्लो' या एककात येतं. १ क्लो म्हणजे साधारण पूर्ण सूट. सूट घालून बसून काम करणाऱ्या माणसासाठी हे समीकरण २२ च्या आसपास उत्तर देतं. पण अर्ध्या बाह्यांचा शर्ट आणि पातळ पँट म्हणजे अर्धा क्लो. ते कपडे त्याच समीकरणात घातले तर उत्तर २५ कडे सरकतं. समीकरण बरोबरच आहे, त्यात घातलेला कोट आपला नाही. आपण एप्रिलमध्ये पुण्यात कोट घालत नाही आणि घालायची वेळ येऊ नये.

फँगर यांनी आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगून ठेवली आहे आणि ती प्रत्येक फॅसिलिटी मॅनेजरच्या टेबलावर लावावी अशी आहे: सगळं अगदी मनासारखं जमलं तरी शंभरात निदान पाच जण नाराज राहणारच.

त्याच सुमाराला ब्रिटनमध्ये मायकेल हम्फ्रीज आणि फर्गस निकोल वेगळ्या बाजूने विचार करत होते. बंद खोलीत बसवलेल्या माणसाऐवजी ते खऱ्या ऑफिसांतल्या, खऱ्या घरांतल्या माणसांची उत्तरं बघत होते. त्यांना दिसलं की गरम प्रदेशातली माणसं बऱ्याच जास्त तापमानालाही "ठीक आहे" म्हणतात. यावरून त्यांनी मांडलेलं तत्त्व आपल्या आजीला सांगितलं तर ती म्हणेल, यात नवीन काय? माणसाला त्रास झाला की तो स्वस्थ बसत नाही. खिडकी उघडतो, बाही दुमडतो, जागा बदलतो, पाणी पितो, आणि परत बरं वाटेल असं काहीतरी करतो. पण इमारतींच्या गणितात ही गोष्ट कुणी धरलीच नव्हती. १९९८ मध्ये रिचर्ड डी डिअर आणि गेल ब्रेगर यांनी १६० इमारतींतली सुमारे २१,००० निरीक्षणं एकत्र करून दाखवलं की खिडक्या उघडता येणाऱ्या इमारतींत लोकांना बरं वाटणारं तापमान बाहेरच्या ऋतूबरोबर वरखाली होतं. खिडक्या न उघडणाऱ्या एसी इमारतींत ते जवळजवळ एका जागी चिकटून बसतं.

कारणं त्यांनी तीन सांगितली. एक, आपलं वागणं. दोन, शरीराची सवय: उन्हाळा लागून आठ-पंधरा दिवस झाले की घाम लवकर सुटायला लागतो आणि त्यातलं मीठ कमी होतं. तीन, अपेक्षा. मार्चच्या पहिल्या आठवड्यात ३४ अंशांना "काय उकडतंय!" म्हणणारे आपण, मेच्या शेवटी ३४ ला "आज जरा बरंय" म्हणतो. वर्षभर २२ अंशांत बसवलेल्या माणसाची ही तिसरी शक्ती मोडते. त्याला २५ सुद्धा उकाडा वाटायला लागतो.

भारतासाठीचं असं काम अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाने केलं. अहमदाबाद, बेंगळुरू, चेन्नई, दिल्ली आणि सिमला या पाच शहरांतल्या १६ ऑफिस इमारती, ६,३३० उत्तरं. पुणे त्यात नाही. सिमला मात्र आहे, आणि त्यामुळे मला आपलं शिवाजीनगरचं सिमला ऑफिस आठवतं. १९२८ मध्ये हवामान खात्याचं मुख्यालय सिमल्याहून पुण्यात आलं आणि रिक्षावाल्यांच्या तोंडी ते नाव आजही आहे. तर या अभ्यासातून निघालेलं सूत्र सोपं आहे. खिडक्या-पंख्यांवर चालणाऱ्या ऑफिसासाठी, बाहेरच्या गेल्या ३० दिवसांच्या सरासरी तापमानाला ०.५४ ने गुणायचं आणि १२.८३ मिळवायचे. पुण्याची एप्रिलची दिवस-रात्र मिळून सरासरी ३० धरली तर उत्तर २९ येतं, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना सव्वादोन-अडीच अंश चालतात. जानेवारीची सरासरी २१ धरली तर २४. गरजेपुरता एसी आणि एरवी खिडक्या अशा मिश्र ऑफिसासाठी सूत्र वेगळं आहे, त्यात एप्रिलला २६ येतात. हे सूत्र २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेत घेतलं गेलं. म्हणजे एप्रिलमध्ये २२ वर कुडकुडत बसणं ही कुठल्याही नियमाची मागणी नाही.

एकोणतीस वाचून दचकलात का? मी दचकलो नाही, कारण माझी पहिली नोकरी सदाशिव पेठेतल्या एका हिशेबाच्या ऑफिसात होती. दुसरा मजला, जाड भिंती, चार पंखे, एसी नाही. सकाळी आठला ऑफिसचे मामा येऊन सगळ्या खिडक्या सताड उघडायचे. पुण्याची एप्रिलमधली पहाट वीस-बावीस अंशांची असते, दुपार अडतीसची. हे सोळा-सतरा अंशांचं अंतर ही या शहराला मिळालेली फार मोठी देणगी आहे, आणि मामा ती रोज सकाळी भिंतींत भरून ठेवायचे. साडेदहाला पूर्वेच्या झडपा बंद. दुपारी मागच्या चौकाकडची एकच खिडकी बोटभर किलकिली. साडेपाचला पुन्हा सगळं उघडं. त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. त्यांच्या वाड्यात लहानपणापासून असंच चालायचं, एवढंच ते सांगायचे.

पंख्यांचे चार रेग्युलेटर दाराशेजारी एका पाटीवर होते आणि पंख्याचा वेग ठरवायची व्हाउचरं. टेबलावर सुटे कागद, त्यावर काचेचे पेपरवेट. पंखा चारवर गेला की कोपरे फडफडायचे, पाचवर गेला की एखादं बिल उडून शेजारच्या पार्टीच्या फायलीत जायचं. (ऑफिसातल्या वाऱ्याची मर्यादा मानकांनी बराच काळ सेकंदाला ०.८ मीटर धरली होती. त्यामागचं एक कारण हेच, त्यापुढे कागद उडतात.) म्हणून मार्च एंडिंगला पंखा तीनवर, आणि कागद आवरले की चारवर. मोठे साहेब दुपारी जेवून आले की मागे न बघता विचारायचे, "मॅडम, एक पॉइंट वाढवला तर चालेल?" आणि पंख्याखाली बसणाऱ्या मॅडम पदर खांद्यावरून पुढे ओढून घेत म्हणायच्या, "करा की." साडीइतका जागच्या जागी कमीजास्त करता येणारा दुसरा पोशाख मी पाहिलेला नाही.

त्या ऑफिसात एप्रिलला तीस-एकतीस अंश असायचे आणि कुणी फारशी तक्रार केलेली मला आठवत नाही. सवय होती हे खरं, पण मोठं कारण ते रेग्युलेटर होते. उठून दोन पावलं गेलं की काहीतरी बदलता येत होतं. आपल्या हातात काहीतरी आहे हे माहीत असलेला माणूस जास्त सहन करतो, हे या विषयातल्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय.

हिंजवडीच्या ऑफिसात खिडकी उघडत नाही. थर्मोस्टॅटवर कुलूप असलेला प्लास्टिकचा डबा आहे आणि तापमान बदलायचं तर तिकीट टाकावं लागतं, म्हणजे कॉम्प्युटरवर तक्रार नोंदवावी लागते. त्याला उत्तर यायला कधी दोन तास लागतात, कधी दोन दिवस. पण माणसं थांबत नाहीत. कुणी कुरिअरच्या खोक्याचा पुठ्ठा कापून व्हेंटला चिकटवतं, मग त्याच्या वाटची गार हवा शेजाऱ्याच्या डोक्यावर जाते. कुणाच्या ड्रॉवरमध्ये लोकरीचे मोजे असतात. दर तासाला कुणी ना कुणी खाली टपरीवर जातं. चहा हे निमित्त असतं, खरं तर दहा मिनिटं उन्हात उभं राहायचं असतं. गरम ग्लास दोन्ही हातांत धरून बसणारे तर कितीतरी. तोही नेमका उपाय आहे. हात, पाय आणि चेहरा यांचं वजन एकूण जाणिवेत फार मोठं असतं. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाच्या इमारतींवर काम करणाऱ्या केंद्राने यावरच बरीच वर्षं काम केलंय: पायाशी छोटा हीटर, चेहऱ्याजवळ छोटा पंखा, गरम-गार होणारी खुर्ची. अख्खा मजला गार करण्यापेक्षा माणसाच्या या थोड्या जागा सांभाळल्या तर फार कमी विजेत काम होतं.

आणि मजल्यावर सगळी माणसं सारखी नसतात. २०१५ मध्ये नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्ट विद्यापीठाच्या दोन संशोधकांनी दाखवून दिलं की हिशेबात धरलेली शरीराची उष्णता एका सरासरी पुरुषाची आहे. बसून काम करणाऱ्या अनेक बायकांचं शरीर त्याहून बरीच कमी उष्णता तयार करतं. "बायकांना उगाच थंडी वाजते" असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. त्याच मजल्यावर मॉप फिरवणाऱ्या मावशींचं शरीर बसलेल्या माणसापेक्षा कितीतरी जास्त उष्णता तयार करत असतं, त्या २४ लाही घामाघूम असतात. नवीन लागलेला मुलगा थंडीने नाक ओढत बसतो पण तिकीट टाकत नाही, कारण आधी सीनियरने टाकावं असं त्याला वाटतं. कोणाला किती गार वाटतं हे शरीरावर अवलंबून असतं, आणि कोण ते बोलून दाखवू शकतं हे हुद्द्यावर. दुसरी अडचण सोडवायला काही खर्च येत नाही, म्हणून ती न सुटलेली बघून मला जास्त राग येतो.

मोठ्या पातळीवरही हे करता येतं. जपानने २००५ मध्ये 'कूल बिझ' सुरू केलं. ऑफिसातला एसी २८ वर ठेवायचा आणि उन्हाळ्यात टाय-कोट उतरवायचा. कपड्यांचा नियम सैल केला की तापमानाचा आकडा आपोआप वर जातो. आपल्याकडे १ जानेवारी २०२० पासून स्टार लेबल असलेले खोलीचे एसी कारखान्यातूनच २४ अंशांवर लावून येतात. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या म्हणण्यानुसार तापमान एक अंशाने वाढवलं की साधारण सहा टक्के वीज वाचते.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. 'माणसं जुळवून घेतात' याचा अर्थ 'माणसांना सोसू द्या' असा काढला जातो, आणि तो साफ चुकीचा आहे. जुळवून घ्यायला साधन लागतं. सावली, पंखा, पाणी, उठायची परवानगी. गेटवर पत्र्याच्या केबिनमध्ये पूर्ण युनिफॉर्म आणि बूट घालून बसलेल्या सिक्युरिटीवाल्या काकांकडे यातलं काय असतं? पत्रा तापलेला, जागा सोडता येत नाही, शर्टाचं बटण उघडायचं नाही. सूत्रातले २९ अंश त्यांच्यासाठी नाहीत.

सुरुवातीला सांगितलेल्या त्या दुपारनंतरच्या मार्चमध्ये आम्ही आमच्या भागातल्या वीस जणांची मतं एका कागदावर घेतली, उणे तीन ते अधिक तीन, सकाळ-दुपार-संध्याकाळ, आठवडाभर. दुपारी चारला काचेजवळची तीन टेबलं सोडून सगळ्यांची मतं उणेच्या बाजूला होती. तो कागद ॲडमिनकडे नेला. आधी नाही म्हणाले, मग एका भागापुरतं करून बघू म्हणाले. एसी २२ वरून २५ वर गेला, भिंतीवर चार पंखे आले आणि प्रत्येकाची दोरी खाली बसणाऱ्याच्या हाताला लागेल अशी सोडली. पश्चिमेच्या काचेला जाड पडदा लागला. सिक्युरिटीच्या केबिनवर हिरवी जाळी आणि आत एक पंखा, हेही त्याच कागदात मागितलं होतं. जाळी आली, पंख्यासाठी वायर ओढायची आहे म्हणतात, रोज विचारतोय.

ती सहकारी अजूनही चेहरा बांधूनच येते, उन्हाला इलाज नाही. आल्यावर पहिली दहा मिनिटं पंख्याची दोरी ओढून ठेवते, मग स्वतःच बंद करते. शाल तिने घरी धुवायला नेली होती, ती अजून परत आणलेली नाही.